मुंजाबाच्या पोटातला आवाज

कारभारी मिस्त्री पिकअपच्या हौद्यात पालथा पडला होता, उजवा कान पत्र्याला चिकटवून, डोळे मिटून. आणि मी त्याच्या पोटऱ्यांवर बसलो होतो. हौसेनं नव्हे. मी उठलो असतो तर पैठण रस्त्यावरच्या पुढच्याच खड्ड्यानं मिस्त्रीला उचलून शेजारच्या मोसंबीच्या बागेत टाकला असता. आधीच्या खेपेला त्याचा चष्मा असाच गेला होता. बागवाल्यानं तो झाडावरून उतरवून आणून दिला आणि त्या फांदीला यंदा जास्त मोसंबी लागली असं सांगून गेला. खरंखोटं तो जाणे.

पुढं केबिनमध्ये मल्हारी स्टेअरिंगवर होता. ही गाडी त्याचीच. मी काचेवर थाप मारली की त्यानं गाडी हळू करायची, परत मारली की उचलायची, असं ठरलं होतं. मी थाप मारली. मल्हारीनं गिअर बदलला, क्लच सोडला, आणि गाडीच्या पोटात कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखं झालं.

ठक.

"क्रॉस," कारभारी पत्र्याशीच बोलला.

"क्रॉस तर तू परवाच बदलला."

"मागचा असंल."

"मागचाबी बदलला."

त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण पत्र्याला गाल लावून पडलेल्या माणसाच्या डोळ्यात असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शाळेत उत्तर येत नसलेल्या पोराचं तोंड होतं ते, आणि मिशी पांढरी.

मी काही गॅरेजमधला नव्हे. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. घरी सुनेच्या टीव्हीला कंटाळून कारभारीच्या गॅरेजमध्ये, भंगारातल्या एका जीपच्या सीटवर दिवस काढतो. कारभारी मला तात्या म्हणतो आणि पायांवर बसायला वापरतो.

तर हा कारभारी. आवाज ओळखण्यात त्याचा हात धरणारा वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत कुणी नव्हता. कामगारांची बस नाक्यावर वळत असतानाच तो चहाचा कप खाली ठेवून सांगायचा, डावीकडच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. एकदा म्हणाला, हा ड्रायव्हर आज बायकोशी भांडून आलाय, गिअर कसे हाणतोय बघ. बस थांबल्यावर आम्ही त्या ड्रायव्हरचा डबा उघडायला लावला, तर आत नुसती भाकर, कालवणाचा पत्ता नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गिऱ्हाईक आलं की कारभारी बॉनेट उघडत नसे. आधी तोंडानं आवाज काढून दाखवायला लावायचा. सोन्याची साखळी घातलेली मोठमोठी माणसं त्याच्यासमोर उभी राहून किर्र, खडखड, घूं करून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा, एक-दोनदा परत काढायला लावायचा, हळू, जोरात, चढावर कसा, उतारावर कसा, आणि मग नेमक्या जागी पाना घालायचा. एका सरपंचानं तर क्लचप्लेटचा आवाज इतका हुबेहूब काढला की त्याची गाडी लाजून आपोआप नीट झाली.

मल्हारीच्या गाडीपुढं मात्र हे सगळं लंगडं पडलं.

मल्हारी धनगर, चितेगावच्या पलीकडच्या वस्तीवरचा. चराईच्या माळावर एकेक करून कारखान्यांची कुंपणं पडत गेली तशी त्यानं मेंढरं विकली आणि ही जुनी पिकअप घेतली. आता दुसऱ्यांची शेळ्यामेंढरं बाजाराला नेऊन सोडायचा. दसऱ्याला त्यानं गाडी मशीनच्या पाण्यानं खालून-वरून लख्ख धुतली, हार घातला, पूजा केली, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी ठक करायला लागली. उचलताना एकदा, ब्रेक दाबताना एकदा.

असा आवाज म्हणजे काय हे रस्त्यावरचं कुणीही सांगेल. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा एक लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जातो, त्याच्या सांध्यांना क्रॉस म्हणतात. क्रॉस झिजले की ठक. म्हणून कारभारीनं क्रॉस बदलले. ठक. शाफ्टच्या मधलं बेअरिंग बदललं. गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतो ती रबरं बदलली. मागच्या चाकांमधला गोळा उघडून दात तपासले, दात माझ्यापेक्षा चांगले निघाले. शेवटी दुसऱ्या एका गाडीचा अख्खा शाफ्ट काढून हिला लावून पाहिला. ती दुसरी गाडी शाफ्टविना गॅरेजात उभी, तिचा मालक माझ्या शेजारी बसून शिव्या देतोय, आणि मल्हारीची गाडी रस्त्यावर ठक करतेय.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरून कारभारी खालून सगळं हातानं हलवून पाहायचा. काहीच सैल लागायचं नाही. उभ्या गाडीत आवाज नाही, चालत्या गाडीत आहे. आणि चालत्या गाडीखाली माणूस जाऊ शकत नाही, म्हणून तो हौद्यात पालथा पडायचा आणि मी पायांवर.

एरवी गाडीवाले अशा आवाजासकट गाडी चालवतात, रेडिओ मोठा करतात. मल्हारीला ते शक्य नव्हतं. त्याची बायको म्हाळसाबाई आजारी होती. मणक्यात काहीतरी झालं होतं, डॉक्टर त्याला लांबलचक नाव सांगायचे, आणि तिला सारखं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागत होतं. डावीकडच्या सीटवर उशा लावून मल्हारी तिला बसवायचा. ठक झालं की तिचा हात दाराच्या कडीवर आवळायचा आणि डोळे मिटायचे. कारभारीचं म्हणणं असं की हिसका बसतच नाही, नुसता आवाज आहे. ते खरंही असेल. पण बाई आवाज व्हायच्या आधीच अंग आखडून धरायची, आणि दुखायचं ते त्या आखडण्यानं. मल्हारी शिकला होता: गिअर कमीत कमी बदलायचे, क्लच असा सोडायचा की झोपलेल्या लेकराखालचा हात काढून घेतोय. तरी ठक.

"मिस्त्री, दुसरं काय नाय मागत," तो म्हणायचा. "तिला न दुखता नेता यावी. एवढंच."

एवढंच कारभारीला देता येत नव्हतं.

आणि दर खेपेला त्या गाडीत तिसरं माणूस असायचं, सरूबाई. म्हाळसाबाईची शेजारीण. घरचं सगळं टाकून ती दवाखान्यात बरोबर यायची. तिथं आत नेणं, धुणंपुसणं, कपडे बदलणं, जे मल्हारीला करता येत नव्हतं ते सगळं तीच करायची. पण ती केबिनमध्ये कधी बसली नाही. मागं हौद्यात, गोणपाटावर, कडेच्या गजाला धरून. कारण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. दवाखान्यातसुद्धा एक दुसरीचं अंग पुसायची आणि दोघी गप्प. अगदी बोलायचंच झालं तर मल्हारी मध्ये.

एकदा आमच्या गॅरेजपाशी गाडी थांबली असताना सरूबाई मागून वाकून म्हणाली, "भाऊजी, सांगा तिला, पदर दारात गावलाय."

मल्हारीनं मान वळवून सांगितलं, "पदर दारात गावलाय म्हणतीय."

म्हाळसाबाईनं दार उघडून पदर ओढून घेतला. "सांगा तिला, दिसतंय मला."

मल्हारीनं तेही मागं पोचवलं. दोघींमध्ये हातभर अंतर आणि एक काच.

भांडण वरवंट्याचं होतं. ते सगळ्या वस्तीला, आम्हाला, चहावाल्यालासुद्धा पाठ होतं. पिकअप दारात आली तेव्हाची गोष्ट. म्हाळसाबाईला लेकरू नव्हतं. मेंढरं गेली त्या दिवशी ती जेवली नव्हती, आणि गाडी आली त्या दिवशी तिनं वस्तीतल्या सगळ्या बायांना बोलावणं धाडलं: आमच्या गाडीचं बारसं आहे. बाया हसल्या, पण आल्या. बारशात लेकराच्या आधी वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, एकीनं द्यायचा, समोरचीनं घ्यायचा, देवांची नावं घेत. आता गाडीला पाळणा कुठून आणणार? मग गाडीलाच पाळणा धरलं. अर्ध्या बाया या बाजूला, अर्ध्या त्या बाजूला, आणि हौद्याखालच्या पोकळीतून वरवंटा इकडून तिकडं. आत्या झाली सरूबाई. तिनं आरशालाच गाडीचा कान मानून त्यात नाव सांगितलं, मुंजाबा, आणि रिवाजाप्रमाणं बायांनी तिच्या पाठीवर असे बुक्के घातले की तिचे दात आरशावर आपटले. त्या आरशात मागची गाडी अजूनही चावल्यासारखी दिसते.

त्या गोंधळात वरवंटा नाहीसा झाला. म्हाळसाबाईच्या माहेरचा काळा वरवंटा. तिचं म्हणणं, शेवटी मी माझ्या हातानं सरूच्या हातात दिला. सरूबाईचं म्हणणं, तवा मला बाया आरशाकडं ओढत होत्या, माझ्या हातात आलाच नाय. शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून पाटा भिंतीला उभा, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना.

इथवर वाचून तुम्ही ओळखलंच असेल. तुमचं काय जातं, तुम्ही खुर्चीत बसून वाचताय. आम्ही हौद्यात पालथे होतो. बारसं बायांचं, तिथं मल्हारी फिरकलाही नव्हता. वरवंट्याचं भांडण हे घरचं. आणि ठक हा आवाज गॅरेजचा. एकाच गाडीतून हे तिन्ही चितेगाव ते शहर जात-येत होते, आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

कारभारी त्या आवाजानं पोखरत चालला. घरी बायकोनं तवा आपटला की घास हातात धरून म्हणायचा, क्रॉस. देवळात कुणी नारळ फोडला की मान तिरकी. शेवटी त्यानं जे उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं: शेंद्र्याच्या बद्रीनाथ मिस्त्रीकडं गाडी घेऊन गेला. या बद्रीनाथाला तो माझ्यासमोर लोहाराचा भाता म्हणायचा. बद्रीनाथानं गाडी फिरवून आणली, खाली उतरला, हात पुसले आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाला, क्रॉस. परत येताना नाक्यावर कारभारी म्हणाला, "त्यालाबी ऐकू येतंय म्हणजे आवाज खराच आहे, तात्या. मला वाटलं होतं माझ्याच डोक्यात आहे."

संक्रांतीनंतर एका दुपारी गाडी दवाखान्याकडून आली आणि गॅरेजपुढं थांबली. मल्हारी खाली उतरला नाही. डॉक्टरांनी बाईला घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता, बाईला तर सगळ्यांच्या आधी कळला होता. कारभारी पाना हातात घेऊन तसाच तिच्या खिडकीपाशी गेला. म्हणाला, आज गाडी ठेवून जा, मी अजून एकदा सगळं उघडतो.

"राहू द्या, मिस्त्री," म्हाळसाबाई म्हणाली. "माणसाचंबी इतकं बदलता येत नाय जितकं तुमी हिचं बदललं." मग म्हणाली, "आता तो आवाज नसला की घरी मला करमत नाय."

कारभारीनं पाना खिशात घातला.

म्हाळसाबाईनं मान न वळवता मल्हारीला हाक मारली. मागची काच उघडीच होती, सरूबाई तिला टेकून बसली होती, म्हणजे सांगण्याची काही गरज नव्हती. पण रीत ती रीत.

"सांगा तिला. वरवंटा ठेव म्हणावं तुलाच. मला आता काय चटणी वाटायची नाय. माझा राग नाय."

मल्हारीनं मान वळवली. सरूबाईनं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर उभा होतो, जीपच्या सीटवरून उठून आलेला. तिचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं, मी नाय घेतला, तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, तसंच्या तसं, जसं ती वस्तीवर ओरडून सांगत आली होती. समोर काचेतून म्हाळसाबाईचा अंबाडा दिसत होता, आता लिंबाएवढाच राहिलेला.

सरूबाईनं तोंड मिटलं.

"भाऊजी, सांगा तिला," ती म्हणाली. "बरं म्हणावं. जपून ठेवीन."

मल्हारीनं ते पुढं सांगितलं. म्हाळसाबाई हसली, अगदी थोडं, उजवीकडच्या गालानं.

"चोरटी," ती म्हणाली. "हे नका सांगू तिला."

मल्हारीनं क्लच सोडला. ठक. त्या वेळी तिनं दाराची कडी धरली नाही.

होळीच्या आत ती गेली.

त्यानंतर मल्हारीची गाडी आमच्याकडं आली नाही. आवाज काढायचा होता तो जिच्यासाठी, तीच नव्हती. लांबून जाताना दिसायची. कारभारी काम थांबवून ऐकायचा आणि परत कामाला लागायचा. मग उन्हाळ्यात एकदा ती भर बाजाराच्या दिवशी आमच्या दारात वळली. हौद्यात सरूबाई उभी होती आणि तिचा एक पाय दिसत नव्हता.

झालं होतं असं की तिला चष्म्यासाठी शहरात यायचं होतं. केबिनमधली सीट रिकामी होती, मल्हारी बसा म्हणालाही होता, पण ती आपली सवयीनं मागं चढली. मेंढरांच्या मुतानं हौद्याचा पत्रा सडला होता. रस्त्यात तिचा पाय थेट आरपार गेला. आम्ही तो हळूच सोडवला. खरचटलं होतं, बाकी काही नाही. तिला मी माझी जीपची सीट दिली. ती सीट मी कलेक्टरलाही देत नाही.

कारभारीनं गॅसचं कटर आणून सडलेला पत्रा कापायला घेतला. भोकापासून सुरुवात करून पुढं केबिनकडं सरकत गेला. मोठा तुकडा उचलून बाजूला टाकला आणि तो तसाच वाकून राहिला. कटर विझवायचंही त्याला सुचलं नाही, मी जाऊन विझवलं.

हौद्याखाली चेसिसला एक आडवी पट्टी असते, वरून उघड्या पन्हळासारखी. खालून ती बंद दिसते, वरून हौदा झाकून टाकतो. त्या पन्हळात काळा वरवंटा आडवा पडलेला होता. एका कोपऱ्यात वाळलेल्या चिखलाचा थर होता, आणि त्या चिखलात जरीचा काठ असलेली कापडाची एक चिंधी. चिखलानं त्याला इतकी वर्षं घट्ट धरून ठेवला होता. दसऱ्याच्या पाण्यानं चिखल गेला आणि तो सुटा झाला. लोळून लोळून त्याची एक बाजू अशी झाली होती की तीत कारभारीचं तोंड दिसत होतं. म्हणजे मला तरी दिसलं.

कारभारीनं बोटानं ढकलला. ठक. परत इकडं ढकलला. ठक.

मग तो हौद्याच्या कडेवर बसला आणि कापून काढलेल्या पत्र्यावर हात फिरवत राहिला. तिथं एक जागा गुळगुळीत झाली होती, कानाएवढी.

"इथंच," तो म्हणाला. "इथंच लावायचो मी, तात्या."

मल्हारी चाकावर पाय देऊन वर चढला, आत वाकून पाहिलं. त्याला दोनदा पाहावं लागलं नाही. "तिचाच," म्हणाला. आणि मग, जणू त्याला एक निरोप मिळालाय आणि तो पुढं पोचवायचाय, तशी त्यानं केबिनच्या डाव्या सीटकडं मान वळवली, आणि तशीच परत आणली.

सरूबाई लंगडत आली. तिनं दोन्ही हातांनी वरवंटा उचलून घेतला. चिखलातली चिंधी सोडवून कनवटीला खोचली. पाण्याच्या पिंपापाशी बसून तिनं तो धुतला, सावकाश, मानेखाली हात दिल्यासारखा धरून. आम्ही तिघं पुरुष उभे राहून पाहत होतो. आता ही मोठ्यानं रडणार, नाहीतर सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगणार की बघा, मी चोर नव्हते, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "एवढे दिस माझ्या बुडाखालीच होता की."

कारभारी तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. मला दोन महिने आधी सापडायला पाहिजे होता, बाई, असं काहीतरी तो पुटपुटला.

"कामून?" सरूबाई म्हणाली. "तवा गावला असता तर तिला माझी माफी मागावी लागली असती. तिला नसतं जमलं ते. असं तिनं मला माफ केलं, ते तिला जमलं." पदरानं वरवंटा पुसत ती पुढं म्हणाली, "बरं झालं, मिस्त्री. चांगलं झालं."

तिचा आवाज अगदी सरळ होता. पण ती तो पुसतच राहिली, कोरडा झाल्यावरही.

कारभारीनं नवा पत्रा बसवला, वेल्डिंग केलं, इतकं नीट की मी त्याचं इतकं नीट काम त्यानंतर पाहिलं नाही. ऊन उतरलं होतं. चष्म्याचं दुकान राहूनच गेलं. मल्हारीनं केबिनचं डावं दार उघडून धरलं.

"बसा इथं. पायाला लागलंय तुमच्या."

सरूबाईनं सीटकडं पाहिलं. हौद्यातलं आपलं गोणपाट तिनं मागून ओढून घेतलं, दुमडून सीटवर घातलं आणि त्याच्या खळगीत वरवंटा ठेवला, घरंगळू नये असा. दार लावलं. लावल्यावर एकदा खाली वाकून पाहिलं, फटीत काही गावलं तर नाही ना. मग चाकावर पाय देऊन ती मागं चढली आणि नव्या पत्र्यावर, जुन्या जागी, काचेला टेकून बसली.

"भाऊजी, सांगा तिला," ती म्हणाली.

मल्हारी मान वळवून थांबला. आम्हीही थांबलो. पुढं काही आलं नाही. थोड्या वेळानं त्यानं तोंड समोर केलं, गिअर टाकला, आणि क्लच तसाच सोडला, झोपलेल्या लेकराखालचा हात काढून घ्यावा तसा.

गाडी निघाली. कारभारी रस्त्याच्या कडेला मान तिरकी करून उभा राहिला, ती नाक्याच्या वळणाआड जाईपर्यंत. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. काहीच ऐकू आलं नाही.

मग तो आत आला. एक टेम्पोवाला केव्हाचा ताटकळत होता. त्याला मिस्त्रीची पद्धत माहीत होती; त्यानं घसा खाकरला, ओठ पुढं केले आणि आवाज काढायला सुरुवात केली.

"ते राहू द्या," कारभारी म्हणाला. "बॉनेट उघडा."